डोकं लाव, मास्तर

तीर्थरूप ताई,

तुझ्या धाकट्या भावाचा नमस्कार. साष्टांगच घालणार होतो, पण डोकं जमिनीला टेकवायचं म्हटलं की हल्ली घरात आरडाओरडा होतो. कारण पुढे येईलच. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला?

आधी तुझे उपकार मानतो. बाबा शेवटी शेवटी तुला आईच्या नावाने हाक मारायचे, तेव्हापासून मला तीच धास्ती आहे. (मागे मी बँकेतल्या साहेबांची पँट शाळेच्या शिपायाच्या मापाने शिवली, तेव्हा तर पाचावर धारण बसली.) दिवसभर मशीनवर बसून मेंदूला गंज चढतो, मैदानावर जा, असं तू दटावलंस म्हणून मी दुकानामागच्या पेन्शनरांच्या फुटबॉलमध्ये शिरलो. खरं सांगतो, डोक्यातली जळमटं गेली. झोप लागते, गिऱ्हाइकांची मापं तोंडपाठ असतात, आणि मी हिच्यावर कमी खेकसतो (असं ही म्हणते).

तर मध्यंतरी काय झालं, चेंडू उंचावरून माझ्याकडे येत होता आणि आमचा गोलकीपर, म्हणजे कोपऱ्यावरचा बेकरीवाला, ओरडला, "डोकं लाव, मास्तर!" आता दुकानात बाबांनी मला जन्मभर हेच ऐकवलं. डोकं लाव म्हणजे कापडाला कात्री लावण्याआधी थांब, विचार कर. मी थांबलो. विचार करू लागलो. समोरच्या संघातल्या पोस्टमनने मात्र खरोखरच डोकं लावलं, आणि ते चेंडू सोडून माझ्या डोक्याला लागलं.

डोळ्यांपुढे काजवे चमकले. काही झालं नाही, असं म्हणत मी उठलो आणि थेट आपल्याच गोलकडे धावत सुटलो. बेकरीवाल्याने बखोटीला धरून बाहेर बसवलं, त्याचेही उपकारच. डॉक्टरीणबाईंनी बजावलं की हा मार पुरता बरा होईपर्यंत खेळ बंद, त्यावर दुसरा बसला तर महागात पडेल. मग खुशाल खेळा, धावणं मेंदूला चांगलंच, फक्त चेंडू डोक्यावर घ्यायचा नाही. आता गरगरणं थांबलंय आणि बाईंनी परवानगीही दिली आहे. तेव्हा काळजी नसावी.

तुझा,
धाकटा

ता.क. काळजी एकच आहे. हिने माझे खेळायचे बूट लपवले आहेत. बाईंच्या बोलण्यातलं हिला फक्त 'महागात पडेल' एवढंच ऐकू आलं असावं. विचारायची माझी छाती होत नाही. खेळ सुटला तर मीही बाबांसारखा होईन, अशी भीती वाटते गं. तू फोन करून समजाव. ती तुझं ऐकते.

आणखी एक ता.क., अक्षर माझं. वन्सं, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. बूट लपवलेले नाहीत, तळ सुटला होता म्हणून दुरुस्तीला टाकलेत. मी यांना सांगितलं होतं, पण तेव्हा मशीन चालू होतं, ऐकू गेलं नसेल. (विसरले असं मी म्हणणार नाही, तुम्हीही म्हणू नका.) फोन मात्र जरूर करा. मैदानावर डोकं लावू नकोस, एवढं तुमच्या तोंडून सांगा. घरी लावलं तरी पुरे.