त्याच बॅचचा कंट्रोल

सर,

मे महिन्यात लखनौ भाजून निघत असायचं आणि आपण कोल्डरूममध्ये स्वेटर घालून प्रोटीन शुद्ध करत बसायचो. माझ्याकडे स्वेटर नव्हता, म्हणून तुम्ही तुमचा मरून स्वेटर दिलात. "परत देऊ नकोस, बफर सांडशीलच त्याच्यावर," असंही वर म्हणालात. त्याच आठवड्यात तुम्ही मला सगळ्यांदेखत झापलंत. डीएनए दुरुस्त करणारं आपलं एन्झाइम आपण जिवाणूंकडून तयार करून घेत होतो, आणि जिवाणूंकडे स्वतःचं तसलंच एन्झाइम असतं. म्हणून आपलं जनुक न घातलेले जिवाणूही दर वेळी सोबत वाढवायचे, त्याच सगळ्या पायऱ्यांतून न्यायचे. त्यांच्या अर्कानंही डीएनए कापला, तर आपलं काम पाण्यात. हा रिकामा कंट्रोल मी ठेवलाच नव्हता. "आधी कळस मग पाया, असं चाललंय तुमचं!" मी बाहेर जाऊन रडले, पण त्यानंतर एकदाच चुकले.

तुमच्या निवृत्तीआधीचा तो शेवटचा पेपर. दुपारभर वीज नव्हती, कंट्रोलचा फ्लास्क वाया गेला, आणि डीएनए कापला गेला की नाही हे ज्या जेलवर दिसतं, त्याचा जुन्या बॅचचा फोटो लावून मी मोकळी झाले. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून विचारता, "रिकामा ह्याच बॅचचा ना?" मी म्हणते, "हो सर." तुम्ही दुसऱ्यांदा विचारत नाही. त्या पेपरवर मला नोकरी लागली, पुढे स्वतःची लॅब मिळाली.

तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी माझ्या एका विद्यार्थिनीनं तेच एन्झाइम पुन्हा करायला घेतलं. निशातगंजमधल्या मराठी घरातली मुलगी, मी मराठीत बोलते, ती हिंदीत उत्तर देते. एके सकाळी ती जेलचा फोटो घेऊन दारात उभी. "मैम, एम्प्टी वाले में भी कट रहा है." मी म्हटलं, "परत कर." तिनं तीनदा केलं. चौथ्यांदा मी स्वतः केलं. आपलं एन्झाइम काहीच कापत नव्हतं, सर. कापत होतं ते जिवाणूंचं.

पेपर मागे घ्यायचा हे मी त्याच दिवशी ठरवलं. पण त्यावर तुमचंही नाव आहे, म्हणून आधी अलीगंजला तुमच्या घरी, काकूंकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "आता कशाला उकरतेस गं? त्यांच्या नावाला बट्टा लागेल."

"बट्टा माझ्या नावाला लागेल, काकू. खोटं मी बोलले, त्यांना ठाऊक नव्हतं, असंच जर्नलच्या पत्रात लिहिलंय."

"आणि तुझी नोकरी?"

"जाईल तर जाईल."

त्यांनी कप माझ्याकडे सरकवला. "अच्छा," म्हणाल्या, "मग पाठव. आणि चहा घे, गार होतोय."

आज सकाळी जर्नलला पत्र पाठवलं. हे पत्र मात्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून काकूंनाही न सांगितलेलं इथे लिहिते. तुम्हाला नेलं त्या दिवशी घाटावर सगळ्यांत जास्त मी रडले, काकूंनीच मला सावरलं. ते रडणं खरं होतं. पण रडता रडता मला हायसंही वाटलं होतं, सर. मला दुसऱ्यांदा विचारू शकणारं आता कुणी उरलं नव्हतं.