शिंप्याला कळलं होतं

मंगळवार, अकोला

बाबांच्या अंडकोषातली गाठ लिम्फोमा निघाली. डॉक्टर म्हणाले, शरीराचा पहारा त्या जागी नीट पोचत नाही, म्हणून हा कॅन्सर तिथे निवांत वाढतो. पहारा! घरात मी नर्स, आणि बाबा वर्षभर दर्यापूरच्या शिंप्याकडून पँट ढिली करून घेत राहिले. शिंप्याला कळलं, मला नाही.

आज वॉर्डातच मी ओरडले, “काहून नाही सांगतलं?”

बाबा मान खाली घालून म्हणाले, “पोरीले कसं सांगू, माय?”

रोज परक्या म्हाताऱ्यांना लघवीची नळी लावते मी! आणि माझाच बाप...

पण नुसता बाबांवरच राग आहे का? दिवाळीत तीच पँट मी इस्त्री केली. उसवून सोडलेली शिवण दिसली, तेव्हा मी हसून म्हणाले होते, “बाबा, पोट सुटलं तुमचं.”