वाटायच्या आधीच ब्लाइंड

१२ एप्रिल

आज ही वही उघडावी लागली, कारण गल्लीत माझं म्हणणं ऐकून घेणारं कुणी उरलेलं नाही. जिनत सगळ्यांदेखत म्हणाली, टीचर, तुमचे पत्ते भिंतीला वाटत जाऊ का? ती पण बघत नाही. भामाबाई इतकी हसली की तिला ठसका लागला. पाणी मीच दिलं.

तेव्हा वस्तुस्थिती लिहून ठेवते. धानोरा रोडच्या ह्या गल्लीत आम्हा चार घरांत, म्हणजे मी, जिनत, भामाबाई आणि वनिता, मिळून एक बोअर. मोटरच्या पेटीची किल्ली माझ्याकडे, शाळेतून रिटायर झाले तेव्हापासून. उन्हाळ्यात बोअर थोडा वेळ चालतो आणि धार तुटते. पहिल्या नंबरला टाकीभर, चौथ्या नंबरला गढूळ. नंबर मी ठरवत असे.

बोअर भरून यायची वाट बघत दुपारी माझ्या ओसरीवर पत्ते सुरू झाले. तीन पत्ती, चिंचोक्यांवर. मग भामाबाई म्हणाली, चिंचोके काय भाजून खायचेत का, नंबरच लावा की. जिच्याकडे चिंचोके जास्त, तिचा पहिला नंबर. जिचे संपले, ती शेवटी. पक्षपाताचा आरोप नको म्हणून मी परवानगी दिली.

मी ब्लाइंड खेळते. म्हणजे पत्ते न बघता. हा दोष नाही, पद्धत आहे.

आजचा नंबर चौथा.

१३ एप्रिल

पत्ते बघून खेळणारीला चालीला दोन चिंचोके टाकावे लागतात, न बघणारीला एक. म्हणजे मी प्रत्येक डाव निम्म्या दरात हरते. ही बचतच आहे. बी.एस्सी.ला आम्हाला संभाव्यता होती. ह्या बायकांना ती कोण शिकवणार? वनिताला शिकवून पाहिली. वनिता शेजारची, माझीच विद्यार्थिनी, गणितात काठावर पास. म्हणाली, हो मॅडम. आणि डाव उचलला.

नंबर चौथा.

१७ एप्रिल, सकाळी

समाधानचा पुण्याहून फोन. दर महिन्याला येतो, तो गाडी चालवत असताना. आई, आता इकडेच ये, एकटी काय करतेस तिथे पाण्यावाचून. मी म्हटलं, किल्ली कोण सांभाळणार? तो म्हणाला, तेही बरोबर आहे, तुझ्याशिवाय त्यांचं चालायचं नाही. ज्या दिवशी किल्ली सुटेल त्या दिवशी सांग, गाडी घेऊन येतो. मग सिग्नल सुटला आणि फोन ठेवला.

मुलगा गुणी आहे. पण मला घर सोडायचं नाही. किल्ली माझ्याकडे आहे तोवर मला कुणी इथून हलवू शकत नाही. त्यालाही ते पटलेलं आहे.

२१ एप्रिल

नंबर चौथा. अर्ध्या बादलीत आंघोळ. तब्येतीला चांगली असते. जिनतने दोन कळशा पाणी पाठवलं. परत पाठवणार होते, पण तिला वाईट वाटलं असतं.

संकल्प: उद्यापासून पत्ते बघून खेळायचं. शिकलेल्या माणसाने पद्धत बदलायला घाबरू नये.

२२ एप्रिल

बघितले. तीन राजे. ह्याहून मोठं एकच असतं, तीन एक्के. मी चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नाही. तरी तिघींनी धडाधड पत्ते खाली ठेवले. सुरुवातीला प्रत्येकीने टाकलेला एकेक चिंचोका मिळाला, बस. कसं कळलं, विचारलं. वनिता म्हणाली, मॅडम, इन्स्पेक्शनला साहेब येणार असले की तुमचं तोंड अस्संच व्हायचं.

पुढच्या डावाला सत्ती, पंजी, दुर्री. माझ्याकडे एकदा बघून जिनतने चाल वाढवली.

संकल्प रद्द. जे मलाच ठाऊक नाही ते माझ्या तोंडावर कुठून येणार? ब्लाइंडच खरं.

नंबर चौथा.

३० एप्रिल

सुधारणा केली. आता पत्ते वाटायच्या आधीच चिंचोका मध्ये टाकते आणि जाहीर करते, ब्लाइंड. भामाबाई अजून पिसतच होती. म्हणाली, मास्तरीणबाई, पत्ते माझ्या हातात हायेत, कावून एवढी घाई? मी म्हटलं, ह्याला निर्धार म्हणतात. ती म्हणाली, आमच्याकडं ह्याला आंधळं दळतंय म्हणत्यात. मी विचारलं, मग पीठ खाणारं कुत्रं कोण? जिनतने हात वर केला. म्हणाली, मी की टीचर, कालच टाकी भरून घेतली.

मी हसले नाही. डाव गंभीरपणे खेळायचा असतो.

नंबर चौथा.

४ मे

ओसरी माझी, पण चहा आता जिनतच्या घरून येतो. कपडे साठलेत. तुळस वाळली. ती तशीही फार पसरली होती. संध्याकाळी वनिताने भरलेली बादली दारात ठेवली आणि गेली. गणित कच्चं असलं तरी वळण माझ्या हातचं आहे.

आज बसून विचार केला. इतक्या डावांनंतर माझी पाळी येणं क्रमप्राप्त आहे. पुस्तकात प्रत्येक डाव स्वतंत्र असतो असं म्हटलंय खरं, पण पुस्तक लिहिणाऱ्याने आमची गल्ली पाहिलेली नाही. नशीब साठत असणार, बोअरसारखं. ते थोडं थोडं उपसण्यापेक्षा एकदम उपसावं.

८ मे, दुपारी

प्रस्ताव मांडला. एकच डाव. जिंकले तर पाऊस लागेपर्यंत पहिला नंबर माझा. हरले तर किल्ली जिंकणारीची.

भामाबाईने पत्ते खाली ठेवले. म्हणाली, किल्ली डावात लावायची न्हाई, बाई. आमी मागितली का कधी? जिनत म्हणाली, नंबर पाहिजे तर असाच घ्या ना टीचर, आजपासून पहिला, और क्या. वनिता मान खाली घालून चटईच्या काड्या उपसत होती. मी म्हटलं, दान नको. वाटा.

ब्लाइंड म्हटलं, चिंचोका टाकला. पत्ते नंतर आले. मी हात लावला नाही.

भामाबाईने आपले पत्ते न उचलताच बाजूला सारले. पॅक, म्हणजे डाव सोडला. जिनतनेही तेच केलं. वनिताने उचलले, बघितले, मांडीखाली सरकवले आणि म्हणाली, मी पण पॅक, मॅडम. जिंकलात तुम्ही.

तिघी माझ्याकडे बघत होत्या. भामाबाई म्हणाली, झालं, उचला ते चिंचोके अन् मोटर लावा. लई ऊन हाय.

जन्म वर्गावर गेला. कॉपी करणारा पोरगा मला लांबून ओळखू येतो आणि मुद्दाम पेपर कोरा ठेवणाराही. म्हटलं, वनिता, मांडीखालचं वर काढ. असलं पास होणं मी कुणाला दिलं नाही, स्वतःलाही देणार नाही. ती म्हणाली, राहू द्या ना मॅडम. दोनदा म्हणाली. मी हात घालून काढले. तिर्रीची जोडी आणि एक राणी. इतक्या साध्या पत्त्यांवर कुणीही मात करेल.

मग माझे उलटले. इस्पिक नव्वी, चौकट छक्की, बदाम चव्वी. जोडीसुद्धा नाही.

पॅक केलेल्या पत्त्यांचा शो होत नाही, ते उघडून ताडायचे नसतात, असं जिनत म्हणाली. भामाबाई म्हणाली, आमी काय बघितलंच न्हाई. पण मी बघितलं होतं. नियम माझा, तोंडही माझं. किल्ली उद्या-परवा वनिताला देते म्हटलं. कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

एकूण डाव चांगला खेळला गेला. पद्धतीत चूक नव्हती, पत्त्यांत होती.

९ मे, सकाळी

मीच समाधानला फोन लावला. तो घरी होता, त्यामुळे बोलायला वेळ होता. सांगितलं, किल्ली सुटली. ये गाडी घेऊन.

तो म्हणाला, अशी कशी सुटली, आई? मग मागे कुणाशी तरी बोलला. मग म्हणाला, सध्या सासूबाई आल्यात इकडे, गुडघ्याचं ऑपरेशन आहे, जास्तीच्या खोलीत त्यांचीच सोय केलीय. दिवाळीनंतर बघू या का? आणि तुला तरी करमणार आहे का इथे? तिथे लोकांना तुझी गरज असते.

म्हटलं, असते.

साहजिक आहे. मी आधी कळवायला हवं होतं. माझी वाट बघत कुणी खोली रिकामी ठेवत नसतं. इतकी वर्षं तो दर महिन्याला ये म्हणायचा आणि मी नाही म्हणायचे. शो मी कधी मागितला नव्हता.

दिवाळीनंतर नक्की बघू म्हणाला आहे.

१० मे, सकाळी

वनिता किल्ली न्यायला आली नाही. भामाबाईने निरोप पाठवला की राहू द्या तुमच्याकडंच, आमचं कुणाचं काय म्हणणं न्हाई. दयेवर किल्ली ठेवून घेण्यात अर्थ नाही. मीच वनिताच्या दारात गेले.

दिलं ते असं. मोटरच्या पेटीची किल्ली, एक. टेस्टर, लाल मुठीचा, एक. मुंजाजी वायरमनचा नंबर, कागदावर. तोंडी सूचना: धार तुटली की मोटर लगेच बंद करायची, नाहीतर जळते. वनिता म्हणाली, माहितीये मॅडम.

देणार मी, घेणार वनिता. साक्षीला भामाबाई आणि जिनत. शेवटपर्यंत दोघी थांबल्या नाहीत, पाणी भरायला गेल्या, कारण तोवर वनिताने मोटर लावली होती.