वाढत्या अंगाचे कपडे

बाबा, तुम्ही आमच्याकडे ग्लासगोला राहायला आलात तेव्हा तुमची नात साडेतीन वर्षांची होती आणि दिसायला जेमतेम दोनची. आईला जाऊन वर्ष झालं होतं, ह्यांच्या हॉस्पिटलातल्या ड्यूट्यांना धरबंध नव्हता, माझी ऑफिसातली नोकरी नवी होती; सहा महिने या म्हणून मीच मागे लागले होते. ह्या देशात मुलांच्या कपड्यांवर माप म्हणून वय छापतात. तीन ते चार वर्षं असं लिहिलेला फ्रॉक तिच्या अंगावर नुसता लोंबायचा, तरी मी तोच घ्यायचे. कुणी विचारलं तर वाढत्या अंगाचा घेतलाय म्हणायचे. डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं की पोर ठणठणीत आहे, चण लहान आहे एवढंच. ह्यांना ते पटलं होतं, मला पटत नव्हतं. नर्सरीच्या दारात तिच्या वयाची बाकीची मुलं पाहिली की मी मनातल्या मनात तिची उंची त्यांच्याशी ताडून बघायचे.

ऑक्टोबरात थंडी वाढली आणि एका शनिवारी मी पलंगाखालच्या बॅगा ओढून बाहेर काढल्या. उन्हाळी आत, हिवाळी बाहेर, एवढंच करायचं होतं. पण तुम्ही जिल्हा रुग्णालयाच्या स्टोअरमध्ये उभा जन्म काढलेला, कापडाच्या घड्या तुमच्या हाताला पाठ. मला बाजूला सारून तुम्ही कार्पेटवर मांडी घातलीत. लेबलं पाहिलीच नाहीत. तिला नीट बसणारा एक स्वेटर मधे पसरलात आणि एकेक कपडा त्यावर ठेवून बघत गेलात. आत्ता होणारे इकडे, उन्हाळ्यापर्यंत होतील ते तिकडे, द्यायचे ते दारापाशी. दारापाशी फारसं काही जमेना. गेल्या वर्षीचा लाल कोटसुद्धा तिला अजून होत होता, बाह्या तेवढ्या बोटभर आखूड. मग तुम्ही विचारलंत, "ही लेबलं कुणी कापली?" लहान मापाच्या प्रत्येक कपड्याच्या गळ्यापाशी नुसती धाग्यांची टोकं उरली होती. तिला टोचतात, मी म्हटलं. मी चहा टाकायला उठले, तर मागोमाग स्वयंपाकघरात आलात आणि मी लहान असताना रागवायचात तसंच, आवाज न चढवता बोललात. "अगं, तिला थंडी वाजते. ह्या नव्या ढगळ कोटात वारा शिरतो. लोकांना काय वाटेल ते तुला दिसतं, पोर कुडकुडते ते दिसत नाही?" मी शेगडीकडे तोंड करून उभी. राग आला होता मला, पण तो तुमच्यावरच होता असं नाही.

रविवारभर तुम्ही खिडकीशी बसून त्या लाल कोटाच्या बाह्यांची आतली दुमड उसवलीत, इस्त्री फिरवलीत, परत टाके घातलेत. सोमवारी तो घालूनच ती गेली. संध्याकाळी तिला आणायला आपण दोघं नर्सरीत गेलो. तुम्ही खाली बसून तिचे बूट चढवत होतात. तिच्या बाई कोटाकडे बघून हसल्या, आज निराळा कोट दिसतोय म्हणाल्या. त्यांचं पुढचं बोलून व्हायच्या आत मी इंग्रजीत सांगून टाकलं, की माझ्या वडिलांना इंग्रजी वाचता येत नाही, त्यांनी चुकून लहान मापाचा घातला. तुम्ही मान वर केलीत. जन्मभर इंग्रजीत सरकारी पत्रं लिहिलेला माणूस. "येस, माय मिस्टेक," तुम्ही म्हणालात आणि दुसरा बूट हातात घेतलात. मग बाईंनी त्यांचं राहिलेलं सांगितलं. आज ती पहिल्यांदाच घसरगुंडीच्या पायऱ्या एकटी चढली होती, परत परत चढली होती. एरवी मोठ्या कोटाच्या बाह्यांत हात अडकायचे ना, त्या म्हणाल्या.

बसस्टॉपकडे जाताना तिचा हात तुमच्या हातात आहे. "आजोबा, मी वर गेला, ऑल बाय मायसेल्फ," ती सांगतेय, आणि तुम्ही "गेला नाही, गेले" म्हणून सुधारताय. मधूनच मला विचारताय, उद्या भाजी काय करायची. त्या संध्याकाळबद्दल तुम्ही त्यानंतर कधी अवाक्षर काढलं नाहीत. मार्चमध्ये परत गेलात, आणि पुढच्या वर्षी गेलातच.

ती माझ्या खांद्याएवढीच राहिली, बाबा. आता नोकरी करते, अजून मुलांच्या विभागात कपडे घेते आणि त्यावर स्वतःच हसते. मी कशासाठी एवढा जीव जाळला, तेच मला आता आठवत नाही.

त्या सोमवारनंतरच्या आठवड्यात एकटी नर्सरीत जाऊन मी बाईंना खरं काय ते सांगितलं. त्या म्हणाल्या, मला तेव्हाच कळलं होतं. तुम्हाला मात्र सांगायचं राहिलं. नंतर दर रविवारी फोन व्हायचा आणि मी इथली हवा कशी आहे ते सांगत बसायचे. हे पत्र काही पोस्टात पडायचं नाही, म्हणून एवढं लिहिते. तुम्हाला इंग्रजी येत नाही हे गडबडीत तोंडून निघून गेलं, असं मी इतकी वर्षं स्वतःला समजावत आले. तसं नव्हतं. सकाळी तुम्ही तिच्या कोटाची बटणं लावत होतात, तेव्हाच ते वाक्य मी मनात जुळवून ठेवलं होतं.