नारळ आधी, आवाज मागून

मंगळ., ४ नोव्हें. भोर
भाऊबीजेच्या नोंदीत मी लिहिलंय : "कॅसेटमध्ये आबा पप्पांकडे बघून म्हणाले, विहिरीकडची पट्टी तुझी." दुरुस्ती : मी ती जुनी व्हिडिओ कॅसेट पाहिलेली नाही. तिची कॉम्प्युटरवर केलेली फाइल पाहिली.
आज लक्षात आलं. विहिरीच्या पूजेत आबा नारळ फोडतात. आधी दोन भकलं होतात, फट् मागून ऐकू येतं.

बुध., ५
फाइल सुरुवातीला ठीक. पुढे कॅसेटला बुरशी आहे, तिथे कॉम्प्युटरने चित्र गाळलं, आवाज सगळा घेतला. चित्र-आवाजातला फरक वाढत जातो. नारळाला दोन सेकंद. आबा बोलतात तिथे किती? ओठ बघावेत तर आबांच्या मिशा. आजोबा आज असते तर त्यांनाच विचारलं असतं.
तीन सेकंद धरले तर ते वाक्य आत्याकडे बघून आहे. ती कठड्याशी, कडेवर मी.

शुक्र., ७
मीच केलेली ही फाइल भाऊबीजेला पप्पांच्या मोबाईलवर बघून आत्या हक्कसोडीला तयार झाली. सोम. १७ ला वेल्ह्यात सही. पप्पा साडी घेणार आहेत तिला.
भोंगवलीला आत्याला फोन केला. आडून विचारलं.
"मला आपलं वाटत हुतं, आबांनी पट्टी मला दिली. व्हिडिओत तर दादाला देत्यात. मीच चुकीचं धरून बसले म्हनायचं." मग, "तू जेवलीस का? आवाज उपाशी येतुया."
शाळेआधी मला अक्षरं तिनेच शिकवली. चुकलेलं पुसू द्यायची नाही. शेजारी बरोबर काढायला लावायची.

रवि., ९
कॅसेट उघडून फीत कापसाने पुसली, पुन्हा कॉम्प्युटरवर घेतली. पुन्हा गाळलं, आता दुसरीकडे. एका जागी फीत चुरगळली. फार वेळा चालणार नाही आता.
आवाज हाताने सरकवता येतो. सरकवला. वाक्य आत्यावर आलं. जरा कमी सरकवला, पप्पांवर. म्हणजे जमीन मीच वाटतेय. बंद केलं.

मंगळ., ११
जेवताना पप्पांना सांगितलं.
"व्हिडिओ तूच केलास न्हवं? आता तूच खोटा म्हनतीस?"
"आवाज मागे पडलाय, पप्पा."
"वीस वरसं त्या विहिरीचा गाळ म्या काढला. तवा कुठं हुती तुजी आत्या?"
हेही खरं आहे. लिहून ठेवते.
आई म्हणाली, "खाऊ दे गं त्यांना." मीही खाल्लं. चव कळली नाही.

गुरु., १३
मूळ कॅसेट थेट टीव्हीवर लावली तर मध्ये कॉम्प्युटर नाही. चित्र-आवाज बरोबर. आमच्या टीव्हीला व्हीसीआरच्या पिना बसत नाहीत. आत्याच्या जुन्या टीव्हीला बसतात, फोन करून विचारलं.
"कशापायी गं?"
"आबा बघायचेत."
"मंग ये की. दादाला पन आन."
आधी कुठे लावून बघायची नाही. एकदा चालेल, बहुतेक. ती एकदा दोघांसमोर. वाक्य खरंच पप्पांना निघालं तर तेही दोघांसमोर. मध्येच तुटली तर...
पप्पांना विचारलं, येता का. त्यांनी बातम्यांचा आवाज वाढवला.
व्हीसीआर चादरीत बांधून दाराशी ठेवलाय, त्यांना दिसेल असा. ते आले नाहीत तरी मी निघणार. रविवार, १६ नोव्हेंबर, सकाळची पहिली एसटी.