लडलोच्या सभेतला प्रश्न

लडलो, इंग्लंड, मार्च १८५३

प्रिय ऑगस्टा,

गेल्या महिन्यात इथल्या सभेत मी माझं नेहमीचं भाषण केलं. न्यूझीलंडची जमीन किती सुपीक, गरिबाला तिथे किती वाव, हे पार्लमेंटात आणि गावोगाव सांगून आता मला तोंडपाठ झालंय.

मग मिसेस प्रॉबर्ट उठल्या. विधवा बाई, हातमोजे शिवून पोट भरतात. शेजारी त्यांचा एकुलता तरणा मुलगा, ईव्हन, बसला होता.

"साहेब, तुमची लेक गेलीय ना तिकडे? परत कधी येणार ती?"

"येईल की पुढच्या उन्हाळ्यात," असं मी एरवी सांगतो. त्या दिवशी जीभ वळली नाही.

"नाही येणार," मी म्हणालो. "तिकडून कुणी परत येत नाही, बाई. एकुलता असेल तर पाठवू नका."

लोकांना तिकडे वसायला पाठवणाऱ्या आमच्या मंडळाचे सेक्रेटरी कानाशी पुटपुटले, "इतक्या वर्षांच्या कामावर पाणी फिरवलंत, साहेब."

ईव्हन तरी निघालाच. "इथे राहून हातमोजेच शिवू का?" असं आईला म्हणाला म्हणे. काल तो निरोप घ्यायला आला, तेव्हा मी एवढ्या मोठ्या टेबलाशी एकटाच जेवत होतो. दारातच घुटमळत त्यानं विचारलं, "तुमच्या मुलीला काय सांगू?"

'ये' हा शब्द ओठांवर आला होता. पण तुझं घर, तुझी मुलं आता तिथे आहेत. आणि तू गेलीस ती माझीच भाषणं ऐकून.

"सांग, म्हातारा मजेत आहे," मी म्हणालो.

तो सांगेल तेच खरं धर. हा कागद मी विस्तवात टाकतोय.

तुझा,
बाबा