वाघ्याला न्यायला मास्तर येणार आहेत

अहो,

वाघ्याची रिकामी ताटली आत्ता पायरीवर खणखणली. बाकी घर शांत आहे, मित्रा झोपली आहे, म्हणून लिहायला बसले.

गुरांच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरना मी वाघ्यासाठी घर बघा म्हटलं होतं. शेषेराव मास्तर न्यायला तयार आहेत. त्यांच्या विहिरीला अजून पाणी आहे. लस दवाखान्यातच टोचतील. मास्तर संध्याकाळी येतील तेव्हा मी मित्राला घेऊन पाण्याच्या टँकरवर असेन. साखळी तुम्हीच सोडा, नाहीतर त्यांना नाही म्हणून सांगा. भाकरी दुरडीत झाकली आहे.

पाण्याचं कारण लोकांना सांगायला झालं. लातूर जिल्हा वेगळा झाल्यापासून तुम्ही कचेरीतून दमून येता आणि दारातच वाघ्याजवळ बसता. साहेब कशावरून चिडले, कोणाची बदली झाली, सगळं त्याला ठाऊक. मी आत चहा घेऊन उभी राहते. हसू नका, पण मला त्या कुत्र्याचा लई हेवा वाटतो.

मित्रा उठली. आपल्या पेल्यातलं पाणी त्याच्या ताटलीत ओतून मला विचारून राहिली, "आई, वाघ्या गेल्यावर बाबा कोणाशी बोलतील?"